राजूरकरला न आवडलेला एपिसोड

जयपूरच्या सी-स्कीममधल्या बँकेत माझं काम चालू होतं, तेव्हा शैलावहिनींचा फोन आला. "भाऊजी, हे उठत नाहीयेत हो," त्या म्हणाल्या. आवाजात घबराट नव्हती, नुसता गोंधळ होता. "नाश्ता केला, खुर्चीत बसले, टीव्ही लावला... आता हाक मारते तर ओ देत नाहीत. तुम्ही याल का?" मी कागद तसेच काउंटरवर सोडून ऑटो पकडला. बनी पार्कच्या त्यांच्या गल्लीत शिरलो तर फाटक उघडंच होतं. शेजारचे तरुण डॉक्टर आधीच आले होते आणि गळ्यातला स्टेथोस्कोप गुंडाळून खिशात ठेवत होते. मला काही विचारावं लागलं नाही.

मुलीला फोन मीच केला. मैत्रेयी कॅनडात, टोरांटोला असते. तिने माझा आवाज ऐकला आणि म्हणाली, "काका, तुम्ही?... बाबा?" मी फोन कानाला लावून व्हरांड्यात उभा राहिलो. आत टीव्ही अजून चालू होता, तो बंद करायचं कुणाला सुचलं नव्हतं.

डॉ. दिगंबर राजूरकर जाऊन आता दीड-दोन महिने होत आले. तो भूलतज्ज्ञ होता. आयुष्यभर त्याने जयपूरकरांना झोपवलं आणि पुन्हा उठवलं, आणि शेवटी स्वतः मात्र... असं शोकसभेत कुणीतरी म्हणालं. त्याला ते आवडलं नसतं. "विनोद जुना आहे," म्हणाला असता. विनोदाच्या बाबतीत तो फार कडक होता. एरवी मितभाषी, ऑपरेशन थिएटरात तर इतका गंभीर की मोठमोठे सर्जन त्याच्यासमोर आवाज खाली ठेवत. मूळचा अमरावतीकडचा. नोकरीसाठी इकडे आला आणि इथलाच झाला, पण घरच्यांशी आणि माझ्याशी बोलताना त्याचं 'मले-तुले' कधी सुटलं नाही. मी इथल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचो. आमची ओळख मराठी मंडळाच्या गणपतीत झाली. प्रसादाच्या मोदकांवरून मी काहीतरी कोटी केली, तेव्हा सगळे हसले आणि हा एकटा म्हणाला, "शेवट लवकर सांगितला तुम्ही." तेव्हापासून आमची दोस्ती.

अशा माणसाला एका अमेरिकन कार्टून मालिकेचं वेड होतं, हे कुणाला सांगून खरं वाटायचं नाही. मालिका पोरांची नव्हे, मोठ्यांची. एका छोट्या गावात लाँड्री चालवणारं कुटुंब, उंच आणि बावळट बाप, दुकान खरं चालवणारी आई, कायम चौथीतच असलेली मुलगी, आणि माळ्यावर राहणारा खडूस सासरा. इतकी वर्षं चालली आहे, पण त्यात कुणी म्हातारं होत नाही, कुणी वरच्या वर्गात जात नाही. घरात तिला नावाने कुणी ओळखत नसे, ती नुसती 'आपली सीरियल' होती. मैत्रेयी लहान असताना गोवराने अंथरुणाला खिळली होती. तिच्याजवळ बसून राहायचं म्हणून याने टीव्ही लावला आणि केबलवर हे लागलं. मुलगी तापात हसली, म्हणून हा हसला. मग दोघांना सवयच लागली. ड्यूटीवरून आला की कपडे बदलायच्या आधी विचारायचा, "मैतू, झाली काय सुरू?" मी कधी त्या वेळी पोचलो तर मला खुणेनेच बसवायचे. मला निम्मं कळत नसे. त्या दोघांना मात्र पुढचं वाक्यही आधीच माहीत असायचं, आणि एपिसोड संपला की दोघांची सभा भरायची. हा विनोद जमला, तो ओढून आणला, सासऱ्याला आज काही कामच नव्हतं... बाप आणि मुलगी एकमेकांना अजिबात सवलत द्यायचे नाहीत. तिने एखाद्या बऱ्यापैकी भागाला उगाच 'भारी' म्हटलं की हा म्हणायचा, "काहून? कारण सांग." आणि ती, आठ-नऊ वर्षांची पोर, खरंच कारण सांगायची.

ती चित्रं काढायला लागली तीही त्या मालिकेचीच. आधी माणसं, मग त्यांचं घर, त्यांचं दुकान, मशीनच्या गोल काचेत फिरणारे कपडे. राजूरकर ती चित्रं दवाखान्यात नेऊन नर्सेसना दाखवायचा, हे मला त्याच्या एका सहकाऱ्याने सांगितलं, त्याने स्वतः कधी नाही. बारावीनंतर तिला डेंटलला प्रवेश मिळत होता. त्याच आठवड्यात तिने जेवणाच्या टेबलावर सांगितलं की तिला अ‍ॅनिमेशन शिकायचं आहे. मी तिथे होतो. राजूरकरने घास खाली ठेवला. ओरडला नाही, तो कधीच ओरडायचा नाही. म्हणाला, "बघायचं असते ते, मैतू. करायचं नसते."

ती जयपुरात वाढलेली, मराठी बोलताना तिला मध्येच हिंदीचा आधार लागतो. म्हणाली, "बाबा, मतलब... कुणीतरी करतं, म्हणूनच तर आपण बघतो ना?"

त्याने खाली ठेवलेला घास उचलला आणि जेवण संपवलं. उत्तर नसलं की तो गप्प व्हायचा, आणि त्याचं गप्प होणं फार लांबायचं. ती पुण्याला मामाकडे राहून शिकली, तिथेच एका स्टुडिओत लागली, पुढे कॅनडाला गेली. भांडण असं कधी झालंच नाही. झालं असतं तर कदाचित मिटलंही असतं. तिचा फोन आला की हा विचारायचा, "बरी आहेस? थंडी किती आहे? थांब, आईले देतो." इतकंच. ती काय काम करते, हे त्याने विचारलं नाही. त्यानेच विचारलं नाही म्हणून तिने सांगितलं नाही. मालिका मात्र तो बघत राहिला. पुढे ती इंटरनेटवरून टीव्हीवर यायला लागली तेव्हा माझ्या जावयाकडून सगळं शिकून घेतलं. नवा एपिसोड सोमवारी सकाळी यायचा. आंघोळ, नाश्ता, मग खुर्ची. संपल्यावर सभा भरवायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून मला फोन करायचा. मी "हो का, अरे वा" करायचो.

गणपती नुकतेच उठले होते. एका सोमवारी त्याचा फोन आला. "पाटणकर, ये बरं. आत्ताच ये." मला वाटलं, छातीत दुखतंय. जाऊन बघतो तर हा टीव्हीसमोर उभा, हातात रिमोट, आणि पडद्यावर शेवटची नावं थांबवून ठेवलेली. बारीक अक्षरांची लांबलचक रांग. त्याने पडद्यावर बोट ठेवलं. पार्श्वचित्रं काढणाऱ्यांच्या नावांत, पाच-सहा परक्या नावांच्या मध्ये, मैत्रेयी राजूरकर.

"हिले मी ओळखतो," तो म्हणाला. वाक्य विचित्र होतं, पण त्याचा चेहरा बघून मी हसलो नाही.

वहिनी हात पुसत बाहेर आल्या. त्याने विचारलं, "तुले माहीत होतं?"

"मोठ्या सीरियलमध्ये लागले म्हणाली होती. कुठली ते मी विचारलं नाही. मला काय कळतं त्यातलं?" वहिनी म्हणाल्या. मग जरा थांबून, "तुम्ही तरी कुठे विचारलंत?"

तो खाली बसला. मग त्याने मला पूर्ण एपिसोड पहिल्यापासून दाखवला. मी आपला बघत होतो आणि आपल्या मैतूचं काम म्हणून मनातून फुलून येत होतो. संपल्यावर म्हणालो, "फार सुंदर आहे रे!"

"रद्दी आहे," राजूरकर म्हणाला.

मी त्याच्याकडे बघतच राहिलो. तो मनापासून दुःखी झाला होता. "सासऱ्याले वृद्धाश्रमात पाठवतात अन् शेवटी परत आणतात. ही गोष्ट यांनी आधीही केली आहे, अन् चांगली केली आहे. एक विनोद धड नाही. लिहिणाऱ्यांनी माती केली बाप्पा... इतक्या वर्षांत इतका रद्दी एपिसोड झाला नव्हता, अन् नेमका हिच्याच वाट्याले यावा!" मग त्याने रिमोटने मागे जाऊन एक चित्र थांबवलं. लाँड्रीच्या मागचं स्वयंपाकघर, रिकामं. सासरा निघून गेल्यानंतरचं. फरशीवर उन्हाचे जाळीदार तुकडे पडले होते आणि एक तुकडा भिंतीवर चढला होता. "हे पाहा. त्या घराले जाळी नाही. कधीच नव्हती, मी सांगतो ना. हे ऊन तिकडचं नाही. हे आपल्या मागच्या व्हरांड्यातलं आहे, चार वाजताचं. तिथे बसून ती चित्रं काढे." मी मान वळवून मागच्या दाराकडे पाहिलं. तेव्हा सकाळ होती, व्हरांड्यात सावली होती. पण जाळी तीच होती, यात शंका नाही.

"मग लाव फोन तिला," मी म्हणालो.

"काय सांगू? एपिसोड रद्दी आहे?"

"चांगला आहे म्हण."

"तिले लगेच कळेल. मी तिच्याशी बाकी कशाबद्दल बोललो नसेन, पण या सीरियलबद्दल कधी खोटं नाही बोललो."

"बरं, उन्हाचं तेवढं सांग."

"तेवढंच सांगितलं की ती विचारणार, बाकीचं कसं वाटलं? कारण सांगा. मीच शिकवलं आहे तिले." तो थोडा वेळ रिमोटशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, "दिवाळीले येऊन राहिली आहे ना. समोर बसवतो अन् दोन्ही सांगतो. हे फोनवर सांगायचं काम नाही."

मला ते पटलं. कुणालाही पटलं असतं. दिवाळी काही लांब नव्हती. पुढचे काही आठवडे तो वेगळाच होता. तो भाग पुन्हा पुन्हा लावायचा, त्या रिकाम्या स्वयंपाकघरावर थांबायचा. एकदा आम्ही भाजी घेऊन परतत होतो, तर भर रस्त्यात थांबून मला विचारतो, "रंग चांगला जमला म्हणू, की उजेड चांगला जमला?" मी म्हणालो, "काहीही म्हण, पण म्हण." तो हसला. आपण हसलो हे लक्षात येऊन जरा लाजलाही. त्याला असं लाजताना मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं... दिवाळीला दहा-बारा दिवस उरले होते, तेव्हा तो गेला.

मैत्रेयी दुसऱ्या दिवशी दुपारी पोचली. तिच्यासाठी सगळं थांबवलं होतं. ते बारा-तेरा दिवस माणसांच्या गर्दीत गेले. तेराव्यानंतर घर रिकामं झालं, तेव्हा ती मागच्या व्हरांड्यात गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. मी तिच्याजवळ जाऊन बसलो आणि सांगितलं की बाबांनी तिचा एपिसोड पाहिला होता. तिचं नाव पाहिलं होतं.

तिने झटकन मान वर केली. "त्यांनी बघणं सोडलं असेल असं मला... मतलब, ते कधी बोललेच नाहीत ना. मी वाट बघत होते की कधीतरी त्यांना नाव दिसेल. मी स्वतः सांगणार नव्हते." मग तिने मला विचारलं, "काका, आवडला त्यांना?"

मी आयुष्यभर मास्तरकी केली, नापास मुलांना नापास सांगितलं. पण त्या वेळी जीभ उचलेना. बापाला घालवून बसलेल्या पोरीला एक गोड शब्द द्यायला काय हरकत होती? कोण तपासायला येणार होतं? पण ती माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती, तिथे बाप सोडून दुसऱ्या कुणाचं उत्तर चाललं नसतं. मी म्हणालो, "नाही. रद्दी आहे म्हणाला."

ती हसली. खांदे हलवत, आवाज न करता, हुबेहूब त्याच्यासारखी. "रद्दीच होता, काका! स्टुडिओत आम्ही सगळे म्हणत होतो. सासऱ्याची स्टोरी आधी झालीये, मी सांगितलं पण होतं रायटर्सना..." हसता हसता तिचे डोळे वाहायला लागले. मी तिला उन्हाचं सांगितलं. त्याने चित्र कुठे थांबवलं होतं, काय म्हणाला, रंग म्हणावं की उजेड यावर भर रस्त्यात कसा अडला होता, सगळं. ती ऐकत राहिली. फरशीवर हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "रद्दी आहे, एवढंच सांगायला फोन केला असता ना... तरी चाललं असतं मला. मी तिकिटाची तारीख बदलून आधीच आले असते."

तो चांगला शब्द शोधत राहिला आणि ती वाईट शब्दावरही खूश झाली असती. दोघांचीही काही चूक नव्हती असं मी स्वतःला सांगतो. पण वाईट वाटायचं ते वाटतंच.

ती परत गेली. वहिनींना बरोबर चला म्हणत होती, त्या सध्या तरी इथेच आहेत. परवा सोमवारी सकाळी मी सहज त्यांच्याकडे डोकावलो, तर टीव्ही चालू होता. वहिनी राजूरकरच्या खुर्चीत ताठ बसल्या होत्या, चष्मा लावून, परीक्षेला बसल्यासारख्या. ज्या मालिकेला त्या इतकी वर्षं 'तुमचं ते कार्टून' म्हणत आल्या, तिचा नवा भाग चालू होता. त्यांना इंग्रजी फारसं समजत नाही. त्यांनी मला शेजारच्या वेताच्या मोड्यावर बसायची खूण केली. आम्ही दोघं बघत राहिलो. पडद्यावर उंच बाप कपड्यांच्या ढिगात अडखळून पडला, काहीतरी बोलला आणि सासऱ्याने वरून काहीतरी उत्तर दिलं. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं.

"भाऊजी," त्या हळूच म्हणाल्या, "दर सोमवारी येत जा. हसायचं कुठे, तेवढं सांगत जा मला."