पडद्यावरची बहीण

सिनेमावाले वेरूळच्या रानात आले तेव्हा त्यांना मेंढरं पाहिजे होती, आणि मेंढरांमागं एक बाई. आम्ही धनगर. मेंढरं आमची, बाई म्हणून माझी बहीण उभी राहिली. वीस वर्षांची होती, सुपारी फुटलेली, लग्न पुढच्या उन्हाळ्यात ठरलेलं. बाप म्हणाला, "मी हाय की संगं. काय खातेत का तिला?" मीही चिकलठाण्याच्या कारखान्यात खाडा केला आणि गेलो.

बहीण ठेवणीतलं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन आली. सिनेमावाले म्हणाले, धनगरीण अशी नसते. आता बोला! धनगराच्या पोरीला हे सांगणार! पदर खाली घ्यायला लावला आणि गळ्यात रंगीत मण्यांच्या माळा घातल्या. बापानं तोंड वाकडं केलं, पण त्याला खुर्ची दिली होती, चहा दिला होता. गप बसला.

मधेच एक कोकरू त्यांच्या उजेड पाडायच्या चमकत्या पत्र्यांना बिचकून पळालं. आई मेलेलं, बहिणीनं हातावर वाढवलेलं. असल्या कोकरावर आम्ही ओरडत नाही, ओरडलं की ते आणखी लांब जातं. वाकायचं, हसायचं, बोटं हलवत हळूच 'ये, ये' म्हणायचं. बहिणीनं तेच केलं. कॅमेरा चालूच होता.

सिनेमा लागला तेव्हा शहर धुमसत होतं. विद्यापीठाच्या नावासाठी मोर्चे निघायचे, दगडफेक व्हायची, दोन-दोन दिवस दुकानं बंद. तरी मला कोण हौस! बहिणीच्या होणाऱ्या सासऱ्याला मीच गावाकडून बोलावून घेतलं. औरंगपुऱ्यात भजी खाऊ घातली आणि बापासकट दुपारच्या खेळाला नेलं. माझ्यासारखा शहाणा मीच.

पडद्यावर बहीण आली. वाकली, हसली, बोटांनी बोलावलं. कोकरू कुठंच नव्हतं. त्याच्या जागी डोळ्यांत सुरमा, गळ्यात ताईत घातलेला एक गुंड दिसला. तो मिशीत हसला आणि ती उभी होती त्या झुडपाकडं निघाला. थेटरात शिट्ट्यांचा नुसता कल्ला झाला.

सासरा उठून बाहेर गेला. मी मागं पळालो. "अहो पाहुणे, ती कोकराला बोलवीत होती!"

"आमाला काय डोळे नाइत?" एवढंच बोलून तो बसस्टँडकडं चालू लागला. चार दिवसांत सोयरीक मोडल्याचा निरोप आला.

कारखान्यात शेजारच्या मशीनवर एक मुसलमान फिटर होता. त्याच्यापाशी मी सगळं ओकलो. तो हातातलं काम न थांबवता म्हणाला, "हमारे लोगां हर पिच्चर में ऐसेच रैते. तब तो तू सीटी मारता था." खरंच मारायचो. असल्याच गुंडांवर, असल्याच बायांवर. माझी मलाच शिसारी आली, पण तिचा आता काय उपयोग?

घरी बाप बहिणीशी बोलेना. आठवडा असाच गेला. मग एका सकाळी तो चुलीपाशी तिच्यासमोर येऊन बसला. शूटिंगच्या दिवशी तो तिच्यापासून दहा पावलांवर होता. तिनं बोलावल्यावर परत आलेलं ते कोकरू त्यानंच स्वतःच्या हातानं उचलून घेतलं होतं.

"खरं सांग," तो म्हणाला, "तू कुणाला बोलवीत हुतीस?"