शेवटचा हात कुणाचा?

ब्रेक दाबला की हॉर्न वाजतो, अशी मोटरसायकल अख्ख्या कोलकात्यात एकट्या माझ्याकडे होती. तीही जेमतेम पाव तास.

त्याचं असं झालं. बँकेनं नागपूरहून कोलकात्याला बदली केली तेव्हा मी माझी बारा वर्षांची मोटरसायकल रेल्वेनं सोबत आणली. इथं येऊन पाहतो तर रस्त्यावरचा प्रत्येक हॉर्न माझ्या हॉर्नपेक्षा वडीलधारा. मग मी इंटरनेटवरून एक दुहेरी हॉर्न आणि दोन फॉगलाइट मागवले, तीन व्हिडिओ पाहिले आणि एका रविवारी सकाळी सॉल्ट लेकमधल्या आमच्या इमारतीखाली पाना-पक्कड घेऊन बसलो. जी तार टेस्टरला जिवंत लागली तिला सगळं जोडून टाकलं. ती ब्रेकलाइटची तार होती, आणि माझा गुडघा ब्रेकवर टेकला होता म्हणूनच ती जिवंत लागली, हे मला फार उशिरा कळलं. फ्यूज दोनदा उडाला. तिसऱ्यांदा मी त्या जागी चॉकलेटच्या वेष्टनाची चांदी गुंडाळून बसवली आणि स्वतःवर खूश होऊन चक्कर मारायला निघालो.

पहिल्याच चौकात एक वृद्ध गृहस्थ रस्ता ओलांडत होते. मी सभ्यपणे ब्रेक दाबला. गाडी त्यांच्या अंगावर किंचाळली. ते दचकून मध्येच थांबले, म्हणून मी ब्रेक आणखी जोरात दाबला. "थांबला आहात ना? मग ओरडता कशाला?" असं त्यांनी बंगालीत विचारलं, आणि तेवढ्यात सीटखालून धूर निघाला.

आमच्या इमारतीच्या दरवानानं धुराचा वास घेऊन निदान केलं, "हे बागबाजारच्या हारूदा मिस्त्रींकडचं काम." त्यानंच एक तीनचाकी सायकल-व्हॅन ठरवून दिली. तिच्या फळीवर गाडी आडवी बांधून आणि शेजारी मी उभा राहून, आमची वरात बागबाजारला पोचली.

हारूदांचं दुकान म्हणजे एका जुन्या घराच्या जिन्याखालची पोकळी. एक मोटरसायकल कशीबशी आत शिरायची, दुसरी आली की पहिलीनं बाहेर जायचं. हारूदा पासष्टीचे, अंगानं किडकिडीत, चष्मा दोरीनं मानेत अडकवलेला. अंगातला अर्ध्या बाह्यांचा शर्ट मात्र माझ्या बँकेच्या शर्टापेक्षा पांढरा. मी घाईघाईनं हॉर्न, फॉगलाइट, धूर असं सगळं सांगू लागलो. त्यांनी हात वर करून थांबवलं आणि एकच प्रश्न विचारला.

"शेष हात कार?"

म्हणजे, शेवटचा हात कुणाचा? गाडीला शेवटी कोणी हात लावला, हे कळल्याशिवाय हारूदा तिच्या स्क्रूला बोट लावत नसत. हा त्यांचा नियमच होता. पुढे मी त्यांना हा प्रश्न कितीतरी जणांना विचारताना ऐकला. कोणी म्हणायचं भाच्याचा, कोणी म्हणायचं हावड्याच्या गॅरेजवाल्याचा. खरं नाव निघेपर्यंत हारूदा मातीच्या भांड्यातला चहा घोट घोट पीत बसायचे.

मी म्हणालो, "एका मिस्त्रीचा. सॉल्ट लेकमधला आहे."

हारूदांनी फ्यूजची डबी उघडली, आतली करपलेली चांदी चिमटीत धरून उजेडात पाहिली.

"हे मिस्त्रीचं काम नाही. मिस्त्री सिगरेटच्या पाकिटातला कागद लावतो. चॉकलेटचा कागद शिकलेला माणूस लावतो."

मी कबुली दिली. ते हसले नाहीत. डॉक्टर मान डोलावतो तशी मान डोलावली आणि कामाला लागले.

काम करता करता त्यांनी माझं गाव विचारलं. नागपूर म्हटल्यावर त्यांचा हात थांबला. कधीकाळी नागपूरचं घोडदळ बंगालवर चालून यायचं. त्या स्वारांना इथं बर्गी म्हणत. त्यांना अडवायला कोलकात्याभोवती जो खंदक खणला, त्याची सुरुवात याच बागबाजारात झाली. "तुम्हाला थांबवायला आमच्या पूर्वजांनी एवढी माती उपसली," हारूदा म्हणाले, "आणि तुम्ही व्हॅनवर झोपवलेली गाडी घेऊन थेट दारात!" त्या दिवसापासून मी त्यांचा 'बर्गीबाबू' झालो.

फॉगलाइट त्यांनी नीट बसवून दिले. हॉर्न परत केला. "कोलकात्यात हॉर्न पुष्कळ आहेत, बर्गीबाबू. कान कमी आहेत." दिव्यांसाठी एक छोटी काळी डबी लावली. तिला रिले म्हणतात. ती कशाला, असं मी विचारलं.

"तुमच्या बँकेत कपाट हलवायचं असलं तर तुम्ही उचलता?"

"नाही. मी शिपायाला सांगतो."

"बस्स. तुमचं बटण म्हणजे साहेब. साहेबानं नुसता हुकूम द्यायचा, ओझं या डबीनं उचलायचं. तुम्ही साहेबाच्याच डोक्यावर कपाट दिलंत. तो जळणार नाही तर काय?"

आमच्या बँकेत इतकी वर्षं चाललेला कारभार मला इतका स्वच्छ कोणी समजावून सांगितला नव्हता.

पुढे मी काम नसतानाही तिकडे जाऊ लागलो. हारूदांकडे मीटर होता, पण तो खोक्यात असायचा. हातात असायचा ब्रेकलाइटचा एक जुना बल्ब, त्याला दोन तारा डाख देऊन, म्हणजे सोल्डर करून, जोडलेल्या. "मीटर आकडा दाखवतो. तार आतून तुटून एका केसावर लटकत असेल तरी मीटर बारा व्होल्ट म्हणतो. बल्बला खरोखर जळावं लागतं. तो खोटं कसं बोलेल?" तारेला वळणावर नेहमी थोडी ढील ठेवायचे. "हँडल वळतं, बाबा. ओढून बांधलेली तार आज शोभते, उद्या तुटते." हे वाक्य मी ऐकलं, मान डोलावली आणि घरी येईपर्यंत विसरलो. त्याची शिक्षा पुढे आहे.

आता माझ्या बायकोबद्दल सांगायला हवं. मेधाला मोटरसायकलचं वावडं नाही, पण ढकलण्याचं आहे. एका स्वागत-समारंभाला जाताना उल्टाडांगाच्या गर्दीत गाडी बंद पडली, आणि रेशमी साडी सावरत तिला पुलाखालून चालावं लागलं. एक स्क्रू सैल झाला होता, एवढंच. घरी आल्यावर तिनं मला देवासमोर उभं केलं. "पुन्हा एकदा मला भररस्त्यात पायी चालायला लावलंत, तर ही गाडी विकायची. घ्या गणपतीची शपथ." मी घेतली. "आणि तिला हात लावायचा नाही. जे करायचं ते हारूदा करतील." तेही कबूल केलं.

दोन महिन्यांनी मी हँडलवर मोबाइल चार्जर बसवला. स्वतः. जिथं जिथं तार लोंबत होती तिथं प्लास्टिकच्या पट्ट्यांनी करकचून आवळली. दिसायला फार सुबक झालं. मेधानं विचारलं, "हा कोणी बसवला?"

"हारूदांनी," मी म्हणालो.

सप्टेंबर आला. आम्हा सात-आठ मराठी घरांचा मिळून एक गणपती श्यामबाजारला एकांच्या घरी बसायचा. त्यातल्या एका दिवसाचा नैवेद्य मेधाकडे होता, एकवीस उकडीचे मोदक. आरती बाराला. नेमकी त्याच दिवशी विश्वकर्मा पूजा. या दिवशी कोलकात्यातला प्रत्येक कामगार आपली हत्यारं पूजतो, रिक्षा-टॅक्सीवाले गाड्यांना हार घालून घरी बसतात आणि आकाशभर पतंग उडतात. टॅक्सी मिळेना. मेधा डबा मांडीवर घेऊन माझ्या मागे बसली.

"पोचवेल ना?"

"अलबत!"

गाडी सरळ रस्त्यावर छान चालली. श्यामबाजारच्या अलीकडे मी हँडल डावीकडे वळवलं आणि ती गपकन बंद पडली. दिवा नाही, हॉर्न नाही, काहीच नाही. मेधा उतरली. डबा छातीशी धरून चालू लागली. तिचं न बोलणं नागपूरपर्यंत ऐकू गेलं असतं. बागबाजार जवळ होतं. मी घाम गाळत गाडी ढकलत राहिलो आणि मनातल्या मनात तिचा निरोप घेत राहिलो. गाडीचा.

हारूदांचं दुकान ओळखू येत नव्हतं. झेंडूच्या माळा, हत्तीवर बसलेली विश्वकर्म्याची मूर्ती, आणि समोर पाटावर धुऊनपुसून मांडलेली सगळी हत्यारं. प्रत्येकाला शेंदराचा टिळा. पक्कड, पाने, डाख द्यायचं यंत्र, आणि मधोमध तो जुना बल्बसुद्धा.

"आज नाही, बर्गीबाबू," हारूदा म्हणाले. "आज त्यांची सुट्टी. वर्षातून एकच दिवस विसावतात बिचारी. आज मी तार धरली तर उद्या कुठल्या तोंडानं त्यांना उचलू?"

"हारूदा, बाराला आरती आहे हो!"

त्यांनी एकदा हत्यारांकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. मग नव्या धोतराचा सोगा सावरून स्टुलावर बसले आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले. "हातांना सुट्टी आहे. तोंडाला नाही. बोला. शेष हात कार?"

मेधा शेजारीच उभी होती. हँडलवरच्या काळ्या पट्ट्या आमच्या तिघांच्या मध्ये चकाकत होत्या. हे आपलं काम नाही, हे हारूदांनी पाहताक्षणी ओळखलं असणार. पण त्यांनी ते बोलून दाखवलं नाही. चहाशिवाय नुसते वाट पाहत बसले.

मी म्हणालो, "माझा."

मेधानं माझ्याकडे पाहिलं. "चार्जर?"

"हो."

"बौदी, रागवा, पण नंतर," हारूदा म्हणाले. तिला ते वहिनी या अर्थी बौदी म्हणत. "खरं सांगितलं, म्हणजे अर्धी गाडी दुरुस्त झाली. आता सांगा, तुमच्याकडे हत्यारांची पूजा कधी असते?"

"दसऱ्याला," मेधा म्हणाली.

"मग तुमच्या हातांना आज सुट्टी नाही. बर्गीबाबू, चावी काढून खिशात ठेवा. हं, आता गाडीच्या मानेजवळ वाका. काय दिसतं?"

मी वाकलो. धुकं दिसलं. मोदकांच्या घाईत माझा जवळचा चष्मा घरी राहिला होता.

"बाजूला व्हा," मेधा म्हणाली. मोदकांचा डबा तिनं माझ्या हातात दिला, पदर खोचला आणि गाडीसमोर बसली. पर्समधून छोटी कात्री काढून तिनं माझ्या सुबक पट्ट्या एकेक करून कापल्या. मला वाटतं, जरा जास्तच समाधानानं.

"आता एकेक तार दोन चिमटींत धरून हलकेच ओढा, बौदी. धडधाकट तार ताणत नाही. आतून तुटलेली रबरासारखी ताणते."

पहिली ताणली नाही. दुसरी नाही. तिसरीला मेधा म्हणाली, "अगंबाई! ही बघा, लांब होतेय."

"तीच! चावीची तार. सगळ्या घराचं दाणापाणी तिच्यातून जातं. आता ती तिथंच कापा, दोन्ही टोकं सोला, तांब्याचे केस मोकळे करा. आणि पीळ द्या, घट्ट."

तिनं नेलकटरनं टोकं सोलली. पीळ द्यायला तिला कोणी शिकवावं लागलं नाही. सकाळपासून एकवीस मोदकांच्या कळ्या चिमटीत वळलेल्या बोटांनी तिनं ते तांबं असं वळलं, की हारूदा स्टुलावरून अर्धवट उठले आणि हात पाठीमागे आहेत हे आठवून पुन्हा बसले. तारेला लावायची टेप पाटावर शेंदरात होती. मेधानं पर्समधली बोटाला लावायची औषधी पट्टी काढली आणि जोडावर गुंडाळली.

"ढील ठेवली?" हारूदांनी विचारलं.

"ठेवली. हँडल वळतं ना," मेधा म्हणाली. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

मी चावी लावली. हँडल डावीकडे वळवून बटण दाबलं. गाडी सुरू झाली. हारूदांनी "जय बाबा विश्वकर्मा!" अशी आरोळी ठोकली, की समोरच्या गच्चीवर कोणाचा तरी पतंग कटला. आम्ही आरतीला 'सुखकर्ता'च्या दुसऱ्या कडव्याला पोचलो. परतताना प्रसादाचे पाच मोदक हारूदांना दिले आणि त्यांच्याकडची भोगाची खिचडी त्याच डब्यातून घरी आणली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ती पट्टी सोडून पाहिली आणि पीळ न उलगडता वरून नुसती डाख दिली. "पीळ बौदींचाच राहू दे," म्हणाले. "यात सुधारण्यासारखं काही नाही." माझ्या कामाबद्दल असं वाक्य त्यांनी कधीच उच्चारलं नव्हतं.

मेधानं शपथेचा विषय काढला नाही. मी तर कशाला काढतो! पण तो घरात होता. पुण्याच्या बदलीचं पत्र आलं तेव्हा मला वाटलं, आता निघणार. सामान बांधायचं, जुनं विकायचं, म्हणजे गाडीचा नंबर पहिला.

हावड्याला गाडी पार्सलला द्यायच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं हारूदांना भेटायला गेलो.  त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, मानेजवळची ढील बोटानं हलवून पाहिली. मग कोनाड्यातून तो जुना बल्ब काढला, शर्टाच्या टोकानं पुसला. मी भारावून हात पुढे केला. ते मला वळसा घालून गेले आणि बल्ब त्यांनी मेधाच्या ओंजळीत ठेवला.

"बौदी, हा तुम्हाला. माझ्याकडे दुसरा होईल."

मेधानं त्यांना वाकून नमस्कार केला. त्यांनी चष्मा वर सरकवून डोळे टिपले आणि मला म्हणाले, "बर्गी यायचे ते लुटून न्यायचे. तुम्ही माझा बल्ब नेलात. म्हणजे खंदक काही कामाचा नव्हता."

 परतताना सॉल्ट लेकच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मी न राहवून विचारलं, "मग, शपथेप्रमाणे विकायची का हिला? तू पायी चालली होतीस त्या दिवशी."

मेधा मागून म्हणाली, "विकायची कशाला? आता यापुढे तिला शेवटचा हात माझा. सिग्नल सुटला, चला. आणि पुण्याला पोचलात की आधी एक जास्तीचा चष्मा करून घ्या."