मीठ खाऊन गेलेले

आमच्या सासरी एका दरोडेखोराला देवासारखं मानतात. लग्नाआधी हे मला कुणी सांगितलं नव्हतं, नाहीतर बापाला म्हटलं असतं, दुसरं घर पाहा. मामाजी, म्हणजे माझे सासरे, घरात पाहुणा टेकला रे टेकला की ती गोष्ट काढतात. त्यांच्या पणजोबाच्या काळी डोंगरात एक दरोडेखोर होता. मालदाराला लुटायचा, गरिबाला वाटायचा, बाईच्या अंगाला कधी हात लावायचा नाही. एकदा तो टोळी घेऊन आमच्याच घरात शिरला. भूक लागली होती म्हणून आधी जेवायला बसला. जेवणातलं मीठ जिभेला लागलं तसा उठला, हात धुतले आणि चिंधीही न नेता निघून गेला.

तेव्हापासून आमच्या घरी नेम आहे. अनोळखी माणूस दारात आला की भाकरीचा तुकडा आणि त्यावर चिमूटभर मीठ द्यायचं. मामाजी म्हणतात, "ज्यानं आपलं मीठ खाल्लं तो आपल्यावर उलटत नाही. अन् आपनही त्याचं नाव कोनाले सांगत नाही." वीस वर्षं मी भांडीवाल्यांपासून मतं मागणाऱ्यांपर्यंत सगळ्यांना हे मीठ वाढलं. लोक माझ्या तोंडाकडे बघत राहायचे. मलाही हसू यायचं.

गेल्या वर्षी सोयाबीनच्या सोंगणीत ते हसू गेलं. भर दुपार होती, सगळं गाव वावरात. मी घरी होते, कारण अठरा वर्षांची लेक तापानं आतल्या खोलीत पडली होती. शेजारी एक म्हातारी एकटी राहते, तिची पोरं ऊसतोडीला जातात. मी तिला मोठीमाय म्हणते. बाकी गल्लीत चिटपाखरू नव्हतं.

दोन जण मोटारसायकलवर आले, तोंडाला दुपट्टे बांधलेले. म्हणाले, "गावात म्हशी विकाच्या हायेत का?" म्हशीचा व्यापारी असा बोलता बोलता घराचे कडी-कोयंडे पाहत नाही. एकाच्या शर्टाखाली काहीतरी लांब, लोखंडी होतं. तेवढ्यात आत लेक खोकली आणि दोघांनीही त्या दाराकडे पाहिलं. सोनं, टीव्ही, मेले काय ते घेऊन जाऊ देत. पण त्या खोलीत त्यांनी जाऊ नये, एवढंच डोक्यात होतं.

"बसा दादा," मी म्हटलं, "भाकर खाऊन जा."

घाईघाईत वाढताना अर्धं मीठ ताटाबाहेर, ओट्यावर सांडलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, दुपट्टे सोडले आणि चक्क मांडी घालून बसले. तरणाबांड होता एक, चेहरा कसा अगदी मामेभावासारखा साधा. त्यानं विचारलं, "आत कोन हाय?" खोटं बोलायचं सुचलंच नाही. "पोरगी हाय. ताप हाय तिले." तो खाली मान घालून जेवला, ताट स्वतः विसळलं आणि उठताना म्हणाला, "मीठ खाल्लं ताई तुमच्या घरचं. दार लावून घ्या."

मी दार लावलं आणि कान देऊन उभी राहिले. गाडी सुरू झाल्याचा आवाज येईना. खिडकीच्या फटीतून पाहिलं तर दोघं पुन्हा दुपट्टे बांधून मोठीमायच्या ओसरीवर चढत होते.

मोबाईल माझ्या हातात होता. नवऱ्याचं वावर हाकेच्या अंतरावर नसलं तरी गाडीवरून पाच मिनिटांचं. मी ओरडले असते तरी ते कदाचित पळाले असते. पण मला वाटलं, ओरडले तर ते परत इकडेच येतील. लोक म्हणतील, नेम पाळला बाईनं. कसला नेम न् काय. तो मला नंतर आठवला. आधी आली ती भीती, आणि तिच्या मागोमाग, सांगायची लाज वाटते, हायसं वाटलं. तिच्या घरी गेले, आपल्या नाही.

ते गेल्यावर मी धावले. मोठीमाय चुलीपाशी पडली होती, चष्मा फुटलेला, कानातली फुलं ओढून नेल्यानं दोन्ही पाळ्या फाटलेल्या. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं तर मलाच म्हणते, "बरं झालं माय, तुह्या घरी नाही आले. पोरगी होती तुही."

पोलिसांना मी सांगितलं, झोपले होते. मामाजींनी मात्र ओट्यावर पडलेलं मीठ पाहिलं आणि त्यांना सगळं समजलं. छाती फुगली त्यांची. "पाह्य, आजही आपल्या घराले हात नाही लावला." तेव्हा मी त्यांना वीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं, "मामाजी, तो तुमचा दरोडेखोर इथून जेवून उठला, तर मंग त्यानं त्या दिवशी लुटलं कोनाले?" ते पाट ओढून बसले आणि म्हणाले, "जेवन वाढ."

त्या दिवसापासून गाडी दारात थांबली तरी मी आधी कडी लावते. चोरांची भीती वाटते तशी मोठीमायचीही वाटते. ती हाक मारते तेव्हा वाटतं, कळलं हिला.

दोन महिन्यांनी तिच्या कानाची जखम चिघळली म्हणून तिला दवाखान्यात न्यायचं होतं. कामरगावहून काळीपिवळी जीप माणसांनी भरून निघाली होती, आम्ही दोघी दाराशी वाकून उभ्या. आतला एक तरणा माणूस लगबगीनं उठला, मोठीमायचा दंड धरून तिला आपल्या जागी बसवलं. "बसा माय, पडसान." तोच तो.

मोठीमायनं त्याच्या हातावर थोपटलं. "भलं होवो बापा तुह्यं. असे पोरं कुठं राह्यले आता."

"ताईच्या घरचं मीठ खाल्लं हाय मी," तो माझ्याकडे पाहून म्हणाला. आवाजात धमकी नव्हती, उलट आदर होता.

मोठीमायनं मान वळवली. पट्टी बांधलेल्या कानावरचा पदर सरकवत तिनं मला विचारलं, "ओयखीचा हाय का तुह्या?"

मी हो म्हटलं.