बंद इंजिनाचा चालू सिग्नल

या सदरातले अनुभव मी आजवर चहा पिता पिता, हसण्यासाठी वाचत आले. मारुंजीत माझं ऑटो इलेक्ट्रिकलचं दुकान आहे, शिक्षण डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्स, आणि भुताखेतांपेक्षा माझा विश्वास ऑसिलोस्कोपवर. तारेत काय चाललंय ते तो पडद्यावर रेषा काढून दाखवतो. अंदाजपंचे काम मला सहन होत नाही, म्हणून जे घडलं तेवढंच सांगते.

रिहे गावची सुरेखाताई शाळेची व्हॅन चालवायची. नवरा पाठीच्या दुखण्याने घरी, त्यामुळे सगळं घर त्या व्हॅनवर. व्हॅन जुनीच, तिच्या दिराने, संतोषने, बघून दिलेली. ती चढावर मधेच बंद पडायची, आत पोरं बसलेली. आणखी एकदा असं झालं तर दुसरी गाडी लावू, असं शाळेने तिला सांगितलं होतं.

आधीच्या गॅरेजवाल्यांनी क्रँक सेन्सर बदलून पाहिला होता. आपल्याकडे हीच रीत... स्कॅनरवर कोड आला की पार्ट बदल, नाही जमलं की दुसरा बदल. तार कोणी बघतच नाही. शिसारी येते मला असल्या कामाची.

हा सेन्सर इंजिनाच्या चाकाचे दात मोजतो. इंजिन फिरलं की स्कोपवर दातांची ओळ उमटते, आणि चाकाला जिथे दात नाही तिथे एक फट. इंजिन बंद असेल तर सपाट रेषा.

भर दुपारी काम चालू होतं. मी बॅटरी सोडवली, सेन्सरचा प्लग काढला, गाडीच्या कॉम्प्युटरचाही काढला. तार दोन्ही टोकांनी मोकळी. तिच्यावर बाहेरून काही गोंधळ येतोय का बघावं म्हणून स्कोपचा प्रोब लावला – आणि पडद्यावर दात उमटले.

मोकळी तार हवेतला विजेचा कचरा पकडते, हे मला कुणी शिकवायला नको. पंखा, दिवे, कॉम्प्रेसर सगळं बंद केलं. ग्राउंडची क्लिप घासून परत लावली. स्कोप त्याच्या स्वतःच्या बॅटरीवर चालत होता. तरी दात आणि फट, दात आणि फट. हवेतल्या कचऱ्याला अशी फट कुठून येणार? मग दात दाट होत गेले, म्हणजे ॲक्सिलरेटर पार तळापर्यंत दाबलेला... आणि एकदम सपाट. जरा थांबून पुन्हा पहिल्यापासून. समोर इंजिन थंडगार पडलेलं.

सुरेखाताई माझ्या मागे उभी होती. "चढाला अशीच करती वो ताई. पाय काढला तरी वरडत ऱ्हाती, मग गप."

तेवढ्यात प्लगच्या भोकातून काळं, चिकट पाणी माझ्या बोटांवर ओघळलं. मासळी कुजल्यासारखा वास. साबण लावून हात धुतले, तरी तो जाईना.

तार जिथून ड्रायव्हरच्या पायाशी आत येते तिथली मॅट ओढून काढली. जुन्या कारपेटवरच नवी रबरी मॅट डकवलेली, वरून अत्तराचा मारा. खाली काळा, ओला गाळ, त्यात किडे वळवळतायत. ड्रायव्हरचा बेल्ट पहिल्यापासून लागत नव्हता. "हितं कोन लावतंय बेल्ट," असं म्हणून संतोषने तो विषय उडवलेला. मी बेल्टच्या खाचेत टॉर्च मारला. आत लांब केसांचा गुंता, आणि त्यात अडकलेलं एक नख. अख्खं, मुळापासून उपटलेलं, लाल नेलपेंट लावलेलं. सुरेखाताईने बाहेर पळत जाऊन भडाभडा उलटी केली.

तिने फोन केल्यावर संतोष बुलेटवर आला. गाळ बघून जरासुद्धा दचकला नाही.

"धरणात गेलती व्हय. मंग? धुऊन घेतलीया की सगळी. त्याबगर का एवढी स्वस्त मिळती?"

"आणि आतली बाई?" मी विचारलं.

"ती काढली म्हनं नंतर. वैनी, आता पोरांच्या आयांना सांगत बसू नगा, न्हाईतर शाळंचं काम जाईल हातचं." एवढं बोलून त्याने गुटख्याची पिंक माझ्या दारातच टाकली.

शी! त्या गाळात मी कोपरापर्यंत हात घातले होते, पण मला खरी किळस आली ती या माणसाची. याचीच पुतणी, सुरेखाताईची लेक, रोज त्या व्हॅनमध्ये पुढे बसायची.

सुरेखाताईने पदराने तोंड पुसलं. "गाडी माज्या नावावर हाय, भाऊजी. ह्यात मी पोरं बसवनार न्हाई, आन् तुमाला इकूबी देनार न्हाई."

शाळेचं काम गेलं तिचं. आता ती हिंजवडीत एका कॅन्टीनला पोळ्या लाटते. संतोषने गाडीला गिऱ्हाईक आणलं होतं, तेही शाळेसाठीच. तिने सही दिली नाही, गाडी भंगारात काढली.

कापायच्या दिवशी तिने मला स्कोप घेऊन बोलावलं. इंजिन आधीच उतरवून बाजूला ठेवलेलं. ती तार तेवढी लोंबत होती, टोकाला काळा थेंब.

"बघा की ताई, गेली का ती?"

मी प्रोब हातात घेतला. इंजिनच नाही, आता जर दात दिसले तर... माझा हात पुढे होईना. मोकळ्या तारेत तो सिग्नल कुठून येत होता, याचं उत्तर तेव्हा माझ्याकडे नव्हतं आणि आजही नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर जरूर सांगा.

सुरेखाताईने माझ्याकडे बघितलं आणि प्रोब हळूच माझ्या हातातून काढून घेतला.

"ऱ्हाऊ द्या ताई. आसंल तरी आता सुटंल बिचारी," ती म्हणाली, आणि कटरवाल्याला हात केला.