आत कोण बसलं हुतं?

लोककथा कशी जन्माला येते हे मी एकतीस वर्षे विद्यार्थ्यांना शिकवले. फळ्यावर बाण काढले, पाठभेदांचे तक्ते केले. परंतु तिचा जन्म प्रत्यक्ष पाहिला तो निवृत्तीनंतर, स्वतःच्या घरात, आणि तोही संडासात!

आता लग्नकार्यात, चर्चासत्रात, मंडईत कोणी भेटले की माझ्या संशोधनाविषयी विचारत नाही. "सर, ती गरम खुर्ची अजून हाय का?" एवढेच विचारतो. आमच्या गावी, गडमुडशिंगीत, या खुर्चीचे किमान तीन पाठ प्रचलित आहेत. त्यांपैकी एकात माझे थोरले बंधू पाण्याच्या धारेने छतापर्यंत उडतात. मूळ प्रसंगांचा साक्षीदार मी आहे. तेव्हा मूळ पाठ नोंदवून ठेवणे मला भाग आहे.

*

थोरले बंधू म्हणजे आण्णा. गडमुडशिंगीला शेती आणि चार म्हशी. वहिनी जाऊन बरीच वर्षे झाली होती. २००५ च्या सुमारास गोठ्यात पाय घसरून ते डाव्या अंगावर पडले. खुब्याचे ऑपरेशन झाले, मनगट मात्र नीट जुळले नाही. आम्ही त्यांना कळंब्याच्या रस्त्यावरील आमच्या घरी आणले.

डॉक्टरांनी उकिडवे बसण्यास मनाई केली होती. घरात कमोड होता. प्रश्न त्यानंतरचा होता. डावा हात वळत नव्हता आणि उजवा हात त्या कामाला लावणे आण्णांना अशक्य. "जेवायचा हात हाय त्यो!" म्हणून रोज सकाळी मला आत जावे लागे.

उजव्या-डाव्याच्या या विभागणीवर मी पूर्वी एक निबंध वाचला होता. त्या सकाळी त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. आण्णा भिंतीकडे तोंड करून उभे राहत. महिनाभरात त्यांची दोन भाकरींची भूक अर्ध्या भाकरीवर आली. "खावंसं वाटंना," म्हणत. तसे नव्हते. खाल्ले की जावे लागते, गेले की धाकट्या भावाला हाक मारावी लागते. ती हाक टळावी म्हणून हा माणूस जेवण सोडत होता.

*

हे प्रथम ओळखले ते माझ्या पत्नीने, सुमनने. पण ती त्यांच्याशी बोलणार कशी? थोरला दीर आणि धाकटी भावजय यांच्यात आमच्याकडे मर्यादा असते. आण्णा स्वयंपाकघराच्या दारात येण्याआधी खोकत, सुमन पदर सावरी. तीस वर्षांत त्यांनी तिला नावाने हाक मारली नव्हती. "दत्तू, घरात सांग, च्या टाकायला," असे ते मला म्हणत. आणि ते 'घर' तीन हातांवर उभे राहून ऐकत असे!

सुमनने फोन लावला तो थेट जपानला, आमच्या मुलाला, अमितला.

*

दिवाळीला येताना अमितने एक खोके आणले. त्यात होती एक जपानी बैठक. कमोडवर बसवायची ही बैठक सदैव गरम राहते आणि बटण दाबले की कोमट पाण्याची धार येऊन सर्व स्वच्छ करते. हात लावावा लागत नाही. जपानची वीज आपल्याहून कमी दाबाची, म्हणून शेजारी एक जड ट्रान्सफॉर्मरही ठेवावा लागला. बसवायला आले रफिकभाई, आमचे नेहमीचे प्लंबर.

"सर, वीस वर्सं झाली संडास बसवतोय. करंट लावून बसवायचा ह्यो पयलाच!"

खाटेवरून आण्णांचा आवाज आला, "मग पयलं तूच बस."

बटणांवरची अक्षरे जपानी होती. सुमनने स्वतःच्या टिकल्या चिकटवल्या: हिरवी म्हणजे पाणी, लाल म्हणजे बंद.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी आण्णा काठी टेकत आत गेले आणि त्याच पावली बाहेर आले. एका हाताने धोतर सावरलेले. मला जवळ बोलावून हळूच म्हणाले, "दत्तू, आत कोण बसलं हुतं?"

"कोणी नाही."

"उगंच सांगू नगंस. ऊब हाय अजून."

आपल्या जगात ऊब ही माणसाची खूण असते. चूल गरम म्हणजे घरात कोणीतरी आहे. अंथरूण गरम म्हणजे कोणीतरी नुकतेच उठले. अमित आदल्याच रात्री परतीच्या गाडीत बसला होता, मी सोप्यात वर्तमानपत्र वाचत होतो. उरली एकच व्यक्ती! भावजय नुकतीच उठून गेलेल्या जागी आपण बसलो, या कल्पनेने आण्णा कानापर्यंत लाल झाले होते. सुमनने आतून सारे ऐकले आणि तोंडात पदर कोंबला.

दोन दिवस आण्णा तिकडे फिरकले नाहीत. दोन दिवस जेवलेही नाहीत. समजावणे व्यर्थ होते. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी आपल्या ट्रंकेतून गोठ्याचे कुलूप काढले, संडासाला लावले आणि किल्ली कोपरीच्या खिशात टाकली. दुपारभर आम्ही वरच्या मजल्यावरचा संडास वापरला. संध्याकाळी त्यांनी माझ्यादेखत कुलूप उघडले आणि बैठकीवर तळहात ठेवला.

"कुलूप माझं, किल्ली माझ्यापाशी. मग आत बसलंय कोण?"

मी बटण बंद केले. थोड्या वेळाने बैठक गार पडली. चालू केले, पुन्हा गरम झाली. आण्णांनी स्वतः तीनदा तसे करून पाहिले.

"म्हंजे कोणच न्हवतं," ते म्हणाले. "मग ह्यानं आधी खोकायचं तरी!"

*

वार्ता गावी पोचली. आण्णांचे तालमीतले जोडीदार तुकाराम आप्पा मुद्दाम फेटा बांधून खुर्ची बघायला आले. वाकून निरखताना आधारासाठी त्यांनी एक तळहात बैठकीवर रोवला. कोणी बसल्याशिवाय यंत्र पाणी सोडत नाही. पण तुकाराम आप्पांच्या तळहातात बसलेल्या माणसाएवढे वजन होते! दुसऱ्या हाताचे बोट हिरव्या टिकलीवर गेले.

फेट्यातून पाणी निथळत ते बाहेर आले.

"पावण्याला पाय धुवायला पाणी देत्यात," ते म्हणाले. "तुमच्यात तोंडापासनं सुरुवात व्हय?"

छतापर्यंत उडण्याच्या कथेचा उगम माझ्या मते हाच. गावी पोचेपर्यंत फेटा गळाला आणि आण्णा आले.

*

कुलपाच्या त्या संध्याकाळनंतर मला सकाळी हाक आली नाही. पहिल्या दिवशी मी सवयीने दाराशी जाऊन उभा राहिलो, तर आतून आवाज आला, "तू कशाला हुबा हायस? जा की, पेपर वाच!"

त्या दुपारी आण्णांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या. मग ताट पुढे सारून मला म्हणाले, "घरात सांग, तांबडा रस्सा वाढायला. आता काय भ्या न्हाय."

*

पुढच्या पौषात लोडशेडिंगचे वेळापत्रक बदलले. सकाळी सहा ते नऊ वीज नाही. रफिकभाईंनी इन्व्हर्टरला जोडणी करून दिली, पण म्हणाले, "धार उडंल. शेकाएवढा करंट मिळायचा न्हाय."

त्या गार बैठकीने आण्णांचा खुबा ठणकू लागला. तक्रार मात्र करवेना. "माघाच्या थंडीत अनवाणी शेण काढलंय मी," एकदा माझ्याजवळ पुटपुटले, "आन् आता बुडाला शेक मागू व्हय?" त्यांनी आपल्या परीने उपाय काढला. सहाचा चहा बंद केला. चहा घेतला की जावे लागे. तेव्हा चहा नऊनंतर, वीज आल्यावर. मग नाश्ताही पुढे गेला. जेवणात पुन्हा एकच भाकरी आली.

मी हे टिपून घेतले. संशोधकाची सवय. सुमनने ताटातून परत आलेली भाकरी उचलून ठेवली.

आठवड्याभराने, एका सकाळी साडेसहाला, आण्णांना थांबवेना. काठी टेकत आत गेले. बराच वेळ गेला. बाहेर आले तेव्हा त्यांनी आधी मागे वळून बैठकीकडे पाहिले. तिच्या शेकाचा लाल दिवा विझलेला होता.

"दत्तू, लाईट आलती? ऊब हाय."

"नाही. नऊला येईल."

मागच्या दाराशी, धुण्याच्या दगडावर, सुमन तिची कंबर शेकायची रबरी पिशवी रिकामी करत होती. दगडावरून वाफ उठत होती. आण्णा ते बघत उभे राहिले. आत कोण होते, असे त्यांनी या वेळी विचारले नाही.

पिशवी खुंटीला अडकवून सुमन स्वयंपाकघरात गेली. आण्णाही काठी टेकत दारापर्यंत गेले. मी त्यांच्या खोकण्याची वाट पाहत होतो. ते खोकले नाहीत.

"सुमन," ते म्हणाले, "च्या टाक. आत्ताच घेतो."