हर्षदाची आठ कनेक्शनं

हर्षदाला कुणी हट्टी म्हटलं की मला राग येतो. आणि तिला तसं सगळ्यांत जास्त वेळा मीच म्हटलं आहे. बमरोलीला राहणाऱ्या, मिलमध्ये राबणाऱ्या निंबाभाऊंची ही मुलगी. संगणकाचा डिप्लोमा करून सुरतेतल्या आमच्या बस कंपनीत लागली. मी तिथे फोन घ्यायची, म्हणजे दिवसभर लोकांच्या शिव्या खायची.

१९९९ साली आमचं बुकिंग वेबसाइटवर होतं. उधना, बमरोली, कडोदरा इथले एजंट फोनची लाइन जोडून तिकिटं काढत. प्रत्येक क्लिकला सर्व्हर डेटाबेसशी नवं कनेक्शन उघडायचा. एका वेळी वीसच उघडता येत. एकविसाव्या एजंटला एरर आणि मला शिवी. आदल्या वर्षी आखाजीला, म्हणजे खानदेशातल्या लेकी माहेरी निघतात तेव्हा, सगळं दिवसातून तीनदा बंद पडलं होतं.

हर्षदाने त्यावर तोड काढली. सकाळीच आठ कनेक्शनं उघडून ठेवायची. ज्याला लागेल त्याने घ्यायचं, काम झालं की परत ठेवायचं, पुढच्याने तेच वापरायचं. मी तिला वेड्यात काढलं. चाळीस एजंटांना आठ कशी पुरणार? पुरली. एकेकाचं काम क्षणाचं असतं, हे तिने बरोबर हेरलं होतं.

मग आखाजी आठ दिवसांवर आली आणि बसमध्ये भुतं शिरली. पारोळ्याच्या गाडीत पाच जागा भरलेल्या दिसत, पण त्यांचं तिकीट कुणीच काढलेलं नव्हतं. इकडे वेटिंगच्या यादीत बायका ताटकळलेल्या. सहाव्या नंबरवर खुद्द हर्षदाची आई, सुभद्राबाई. मालक धनसुखभाई भडकले. जुनी पद्धत परत आणा आणि हर्षदाबेनने टायपिंगला बसावं, असा त्यांनी हुकूम सोडला. तिने दोन दिवस मागितले, तेही त्यांच्या डोळ्यांत बघून.

पहिला दिवस वाया गेला. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने माझा डबा परत दिला. मी त्यात शिरा दिला होता. तिने डबा घासून शेंगदाण्याची चटणी भरून आणली होती. एवढ्या घाईत हे कशाला, रिकामा चालला असता, असं मी म्हणाले.

“आमच्यात रिकामं भांडं परत देतस नही, सुधाताई,” ती म्हणाली आणि एकदम थांबली. “पण कनेक्शन रिकामंच परत यायला पाहिजे. त्यात काय राहिलंय ते मी बघतच नाही.”

मला ओ की ठो कळलं नाही. मग तिने समजावलं. कडोदऱ्याचा एजंट जागा धरतो, गिऱ्हाईक नको म्हणून निघून जातं. ते अर्धं काम पोटात ठेवूनच कनेक्शन परत येतं आणि बमरोलीच्या एजंटला मिळतं. तो स्वतःचं तिकीट पक्कं करतो, त्याबरोबर आधीच्याचं अर्धवटही पक्कं होऊन बसतं.

परत ठेवण्याआधी अर्धवट ते सगळं पुसायचं, एवढं तिने प्रोग्राममध्ये घातलं. धनसुखभाईंचा नुसत्या शब्दावर विश्वास बसणार नव्हता. म्हणून ती रिक्षाने कडोदऱ्याला गेली आणि तिथून तीस वेळा जागा धरून सोडून दिली. तेवढ्यात इकडे मी मालकांसमोर तिकिटं पक्की करत राहिले. एकही भूत उठलं नाही. मालकांनी टायपिंगचा विषय पुन्हा काढला नाही.

जुन्या पाच जागा मोकळ्या झाल्या. धनसुखभाई खुशीत होते, त्यांनी पहिली जागा हर्षदाच्या आईला द्यायला सांगितलं. मीही तेच सांगितलं. पारोळ्याला तिची थकलेली आजी लेकीची वाट बघत होती. हर्षदाने यादीप्रमाणे, पहिल्या नंबरवरच्या सुंदरापासून पाच तिकिटं काढली.

“आईचा नंबर सहावा आहे,” एवढंच म्हणाली. मला तिचा भयंकर राग आला.

गाडी सुटायच्या दिवशी सुभद्राबाई पिशवी भरून उधन्याला आल्या. कुणीतरी येणार नाही, अशी आशा. सगळ्या आल्या. गाडी खच्चून भरून निघून गेली. हर्षदाला आईकडे बघवेना.

“पाची जणी बसन्यात ना?” सुभद्राबाईंनी विचारलं.

हर्षदाने मान हलवली.

“मंग बराबर शे तुन्हं काम,” त्या म्हणाल्या, आणि पिशवी उचलून बमरोलीच्या रिक्षाकडे चालू लागल्या.