गावात कुणाचंच नाव नाही

रविवारी आपणहून हिंजवडीला जाणारा माणूस एक तर कामसू असतो, नाही तर वेडा. मी तळ्यावरचे पक्षी बघायला निघालो होतो, म्हणजे दुसरा. बिबवेवाडीहून सकाळी सहाला निघालं की कात्रजनंतर बायपास मोकळा मिळतो. कंपनीच्या बसमध्ये दीड तास खाणारा रस्ता पाऊण तासात संपतो. दोनशेचं पेट्रोल जाऊन-येऊन पुरतं. नाश्ता हिंजवडीतच उरका. मिसळ बरी, चहा पाणचट.

आयटी पार्क मागे पडले की खड्डे सुरू. पुढच्या एका गावात, कॅमेऱ्याचा ट्रायपॉड खांद्यावर टाकून, पारावरच्या आजोबांना विचारलं, "तळं कुठल्या बाजूला?"

"म्हाईत न्हाई."

"हे समोरचं शेत कुणाचं?"

"कुणाचं न्हाई."

किराणावाल्याला तर स्वतःचं आडनाव आठवेना. पुण्यातल्या दुकानदारांचा अनुभव गाठीशी असूनही मी गार पडलो.

शेवटी भाजी खुरपणाऱ्या एका मावशींनी ट्रायपॉडकडे बोट दाखवलं. "मोजणीला आलाय न्हवं?" मी कॅमेऱ्यातले खंड्या पक्ष्याचे जुने फोटो दाखवले, तेव्हा त्या हसल्या. घरी नेऊन इंद्रायणीचा भात आणि आमटी वाढली. पैसे घेतले नाहीत.

गावातून गॅसची पाइपलाइन जाणार होती. जमीन मालकाचीच राहणार, फक्त त्या पट्ट्यात घर बांधायचं नाही, झाड लावायचं नाही. मावशींनी लेकासाठी घातलेलं घराचं जोतं नेमकं पट्ट्यात येत होतं. गावाने ठरवलं, मोजणीवाल्यांना मालक सापडूच द्यायचे नाहीत.

"मग हरकत घेतली का?"

"कशी घ्यायची? अर्जावर नाव लिवावं लागतंय!"

नोटीस पंचायतीच्या भिंतीवर होती. मालक सापडला नाही तर काम थांबेल, असं तिच्यात कुठेही नव्हतं. हरकतीची मुदत मात्र सोमवारी संपत होती. हे सांगताना मला खरंच वाईट वाटलं. इतका छान बेत होता.

वहीचं पान फाडून मी अर्ज लिहायला घेतला. "नाव?"

मावशींनी एकदा जोत्याकडे पाहिलं. मग स्वतःचं, नवऱ्याचं, सासऱ्याचं नाव आणि गट नंबर, सगळं एका दमात सांगितलं.

तळं राहूनच गेलं. सोमवारी रजा टाकून मी नोटिशीत दिलेल्या पुण्यातल्या कार्यालयात गेलो. मावशींच्या मागे रांगेत पारावरचे आजोबा होते. किराणावाल्यालाही आडनाव आठवलं होतं. प्रत्येकाला अर्जाची पोच मिळाली. निकाल अजून लागलेला नाही.

घरी आलो तर सोसायटीचे सेक्रेटरी दारात उभे. हातात पाइपच्या गॅससाठी इच्छुकांची यादी.

"अहो, तुमचंच राहिलंय. नाव घालू ना?"

"माहीत नाही," मी म्हणालो.